उस्तादांची दाढ

उस्तादांना राग आला की त्या आधी हातातली कात्री टेबलावर ठेवायच्या, चष्मा कपाळावर सारायच्या आणि मगच तोंड सोडायच्या. नाशिकच्या द्वारका चौकातले ट्रकवाले हे ओळखून होते. कात्री ठेवल्याचा आवाज आला की सहा फुटी ड्रायव्हरसुद्धा चपला शोधायला लागायचा. रागात हात चुकतो, आणि उस्तादांचा हात कापला तर रक्त लवकर थांबायचं नाही. त्यांच्या हृदयात धातूची झडप होती. तिच्यात रक्त गोठू नये म्हणून त्या रोज रक्त पातळ करायची गोळी घ्यायच्या. म्हणजे बाईला धड रागावतासुद्धा यायचं नाही, आधी तयारी करावी लागायची.

हो, उस्ताद म्हणजे बाई. ट्रकच्या सीटच्या गाद्या भरायचं आणि रेक्झिनची कव्हरं शिवायचं दुकान मूळ त्यांच्या नवऱ्याचं. नवरा गेल्यावर दुकान बंद होईल असं सगळे धरून चालले होते. यांनी पंधराव्या दिवशी शटर उघडलं. नवऱ्याला उस्ताद म्हणणारे ड्रायव्हर थोडे दिवस वहिनी, वहिनी करत राहिले. एकाची सीट महिनाभरात उसवली नाही, तेव्हा तो म्हणाला, "उस्ताद, काम एक नंबर." तेच नाव पडलं. मी त्यांना ताई म्हणायचे.

मी सुरगाण्याच्या पलीकडची, गुजरातच्या हद्दीला लागून आमचा पाडा. सातवीत आश्रमशाळा सोडली ती सोडलीच. लग्नानंतर द्राक्षाच्या कामाला नाशिकला आले, आणि नवऱ्याला पंचवटीच्या भाजीबाजारात हमाली मिळाली म्हणून इथंच राहिले. मला सगळ्याची भीती वाटायची. द्वारकेचा रस्ता ओलांडायची, अनोळखी फोन उचलायची, इंचपट्टीवरच्या बारीक रेघांची. कामाला लागले त्या दिवशी उस्तादांनी माप विचारलं, तर मी आधी "चुकलं" म्हणाले आणि मग माप सांगितलं. त्यांनी कात्री ठेवली. "मंजुळे, आधी चुकून तर दाखव! चुकायच्या आधीच कसली माफी मागतेस?"

माप बरोबर होतं. पण ते मला कळायला दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत त्यांनी मला इंच शिकवले, इंचाचे आठ सूत शिकवले, जड मशीनवर पाय कसा टाकायचा ते शिकवलं. आज माझी मुलगी इंग्रजी शाळेत चौथीत आहे. ते त्या मशीनवर, आणि ते मशीन मला त्यांनी दिलं. हे मी रोज म्हणते, मनात.

झडपेची गोष्ट त्या हसत सांगायच्या. लहानपणी घसा दुखायचा, मग सांधे सुजायचे, ताप यायचा. घरचे म्हणायचे, वाढीचं वय आहे. त्या दुखण्यानं आतल्या आत झडप खाल्ली, हे तिशी उलटल्यावर दोन पायऱ्या चढून धाप लागायला लागली तेव्हा कळलं. ऑपरेशन करून धातूची बसवली. दुकानातली मशीनं थांबली की तिचा टिकटिक आवाज खरंच ऐकू यायचा. नवा ड्रायव्हर इकडेतिकडे बघायला लागला की त्या म्हणायच्या, "घड्याळ शोधू नका. माझंच चाललंय, आणि तुमच्या गाडीपेक्षा बरं चाललंय."

त्यांच्याइतकी काळजी घेणारी बाई मी पाहिली नाही. गोळी संध्याकाळी सातला, गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी. महिन्याला रक्ताची तपासणी. पालेभाजीनं त्या गोळीचा जोर कमी होतो असं डॉक्टरांनी सांगितलेलं, म्हणून मेथी असो की पालक, रोज एक मूठ. कमी नाही, जास्त नाही. माझ्या डब्यातल्या भाजीत बोटसुद्धा घालायच्या नाहीत. "माझं रक्त ताकासारखं पाहिजे," म्हणायच्या. "दही झालं तरी मेले, पाणी झालं तरी मेले." आणि पर्समध्ये दवाखान्याचं कार्ड, प्लास्टिकमध्ये घालून चारी बाजूंनी शिवलेलं. ते शिवलं मीच, दुहेरी टाक्यानं.

म्हणून मला राग येतो. निष्काळजी माणूस गेला तर रडून मोकळं होता येतं.

मागच्या वर्षी त्यांची खालची दाढ दुखायला लागली. हिरडीला पू भरलेली पुटकुळी आली, दाढ हलायला लागली. त्या दातांच्या डॉक्टरकडे गेल्या. त्यानं कार्ड बघितलं आणि हात मागे घेतला. म्हणाला, हृदयाच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणा, त्याशिवाय मी हात लावणार नाही. आता मला कळतं, त्याचं बरोबर होतं. पण का, ते त्यानं सांगितलं नाही. उस्ताद दुकान माझ्यावर टाकून मोठ्या दवाखान्यात गेल्या. चार तास रांगेत बसल्या. नंबर आला तेव्हा डॉक्टर ऑपरेशनला गेलेले, उद्या या. दुसऱ्या दिवशी गेल्या तर खिडकीवरचा म्हणाला, "दातासाठी चिठ्ठी? दातांच्या विभागात जा." दातांच्या विभागानं परत हृदयाकडे पाठवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या दुकानात आल्या त्या गाल धरूनच. म्हणाल्या, "मंजुळे, बटणाचा दोरा काढ."

सीटवर बटण बसवताना आम्ही मेण लावलेला दोरा गादीच्या आरपार नेतो आणि खाली सरकती गाठ मारतो. ओढाल तेवढी ती आवळते, सुटत नाही. माझी ती गाठ चांगली बसते, त्यांनीच शिकवलेली. मी म्हटलं, "ताई, रक्त थांबलं नाही तर?"

"कापूस आहे ना? धरून बसू. तू गाठ मार, ओढते मी."

मी हात धुतले, दोरा धुतला आणि त्यांच्या दाढेला गाठ मारली. त्यांनी डोळे मिटून एक झटका दिला. दाढ निघाली. मग आम्ही दोघी कापसाचे बोळे बदलत बसलो. मला धडकी भरली होती ती रक्ताची. झडपवाल्या बाईचं काय सांभाळायचं, तर रक्त, एवढंच आम्हाला माहीत होतं. दुपारपर्यंत रक्त थांबलं. उस्तादांनी गार चहा मागवला, आरशात बघितलं आणि म्हणाल्या, "बघ. चिठ्ठीशिवाय निघाली!" आम्ही हसलो. इतक्या हसलो की शेजारचा टायरवाला काय झालं म्हणून बघायला आला. त्या हसण्याची मला आज चीड येते.

तीनेक आठवड्यांनी त्यांना ताप यायला लागला. संध्याकाळी थंडी वाजायची, घामानं ब्लाऊज भिजायचा, सकाळी परत ठीक. जेवण जाईना. मी त्यांना आमच्या गल्लीतल्या डॉक्टरकडे नेलं. मीच नेलं. माझ्या मुलीला न्यूमोनिया झाला होता तेव्हा तो माणूस दिवसभर तिच्या उशाशी बसला होता. तिला त्यानं वाचवलं, म्हणून मला वाटलं तो कुणालाही वाचवेल. उस्तादांनी त्याला झडपेचं सांगितलं. तो म्हणाला, "झडपेचा आणि तापाचा काय संबंध? व्हायरल आहे." इंजेक्शन, सलाईन, तीन दिवस. ताप उतरला. आठवड्यानं परत आला. परत इंजेक्शन, परत सलाईन. उस्ताद म्हणाल्या, "मोठ्या दवाखान्यात दाखवू का?" आणि मी म्हटलं, "ताई, परत त्या रांगेत कुठं बसता? अजून एक सलाईन लावू, अंगात जीव येईल." तिसऱ्यांदाही तेच केलं. त्यांच्या नखांखाली बारीक काळपट रेघा दिसायला लागल्या होत्या. मला वाटलं, रेक्झिन चिकटवायच्या सोल्युशनचे डाग.

मग एका सकाळी त्या कापडावर रेघ मारत होत्या आणि खडू हातातून पडला. उचलायला गेल्या तर उजवा हात उठेना. त्यांना मला हाक मारायची होती, पण तोंडातून वेगळंच काहीतरी निघालं. टायरवाल्यानं रिक्षा आणली.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं कार्ड बघितलं, नखं बघितली, पायाचे तळवे बघितले आणि मला विचारलं, "इतक्यात दात काढला होता?"

पहिलाच प्रश्न तो. महिनाभर कुणी विचारला नव्हता.

तिनं नीट समजावलं. तोंडातले जंतू रक्तात जातात. चांगल्या हृदयात ते टिकत नाहीत, पण बसवलेल्या झडपेवर चिकटून बसतात, तिथं त्यांचा गोळा होतो. त्या गोळ्याचा तुकडा सुटून मेंदूत गेला म्हणून हात गेला. "पू झालेला होता म्हणजे जंतू दाढ काढायच्या आधीपासूनही जात असतील," ती म्हणाली. माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली असेल. मग तपासणीसाठी रक्ताच्या बाटल्या भरल्या, पण त्यांत काही उगवेना. आधीच्या इंजेक्शनांनी जंतू मारले नव्हते, नुसते दडवले होते. कोणता जंतू तेच कळेना, तर नेमकं औषध कुठलं देणार? मी घ्यायला लावलेलं इंजेक्शन-सलाईन असं आडवं आलं.

तिनं कार्डाची मागची बाजू दाखवली. दात काढायच्या आधी औषध घ्या, ताप आला तर आधी रक्त तपासा, मगच औषध घ्या. सगळं लिहिलेलं होतं. इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात. इतकी वर्षं आम्ही ते जपलं. मी त्याला दुहेरी टाका घातला!

"हे मराठीत का नाही लिहिलं?" मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणा डॉक्टरवर ओरडले.

ती म्हणाली, "मावशी, लिहायला पाहिजे होतं." आणि खाली बघितलं.

महिनाभर सुया चालल्या. उस्तादांचं बोलणं थोडं परत आलं, हात नाही. पण झडप टाक्यांपाशी सुटत चालली होती, धाप वाढली. डॉक्टरीण म्हणाली, दुसरं ऑपरेशन केलं तर मोठा धोका आहे, नाही केलं तर आशाच नाही. त्यांचा मुलगा सिद्धार्थ पुण्याहून आला होता. तो म्हणाला, "आई, थांबू या का थोडं?" उस्ताद शब्द शोधत शोधत म्हणाल्या, "शिवण उसवली की... वरून टाचायची नाही. उघडायची."

आत न्यायच्या आधी मी त्यांचा डावा हात धरला. म्हटलं, "ताई, गाठ मी मारली. डॉक्टरकडे मी नेलं. चुकलं माझं." त्यांच्या कपाळावर तीच आठी आली. खाली ठेवायला हातात कात्री नव्हती म्हणून त्यांनी माझा हात गादीवर ठेवला.

"गप. दोरा... मी मागितला." मग, "दुकान बंद... ठेवू नको."

नवी झडप बसली. पण मूत्रपिंडं थांबली, आणि सहाव्या दिवशी त्या गेल्या.

मी गल्लीतल्या डॉक्टरकडे गेले. तो म्हणाला, "त्यांनी दाताचं सांगितलं नाही मला." मी म्हटलं, "तुम्ही विचारलंत?" त्यानं स्टेथोस्कोप काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "मुलगी कशी आहे?" त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. अशा माणसाचं काय करायचं? मी म्हटलं, "बरी आहे," आणि उठून आले. त्याचे उपकार फिटत नाहीत आणि त्याला माफही करता येत नाही.

उस्तादांच्या वसाहतीतल्या बुद्धविहारात त्यांचं पुण्यानुमोदन होतं. वंदना झाली, मग एकेक जण बोलायला उठला. उस्ताद किती जिद्दीच्या, शेवटी आयुष्यच तेवढं. दोनतीन जणांनी हेच म्हटल्यावर मी उठले. चार माणसांत मी कधी बोललेले नाही. आवाज फाटला. म्हटलं, "आयुष्य तेवढं नव्हतं. त्या दाढेनं गेल्या. आपल्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं म्हणून गेल्या." पुढचं बोलताच आलं नाही, खाली बसले. लोक चुळबुळ करायला लागले.

चप्पल घालताना एक बाई जवळ आली. तिनं पदर जरा सरकवून गळ्याखालच्या शिवणीचं टोक दाखवलं. "माझीपण झडप बदललीय," ती हळूच म्हणाली. "आणि दाढ दुखतेय. पंधरा दिवस झाले, घरी बोलले नाही."

मी तिच्यावर इतकी भडकले की ती दोन पावलं मागे सरली. दुसऱ्या सकाळी तिला रिक्षात घातलं. दवाखान्यात त्या डॉक्टरणीचं नाव घेऊन मी खिडकीसमोर अशी उभी राहिले, की मागची रांग शिव्या द्यायला लागली. खिडकीवरच्यानं विचारलं, "तुम्ही यांच्या कोण?" मी म्हटलं, "कुणी नाही. लिहा." चिठ्ठी मिळाली. रक्ताची तपासणी झाली, दातांच्या डॉक्टरनं वेळ दिली.

त्या दिवशी तिनं त्याच्या सांगण्यावरून तासभर आधी जंतू मारायच्या चार कॅप्सूल एकदम घेतल्या. मग आत गेली, दाढ निघाली, कापूस चावत बाहेर आली. हातात ते रिकामं पाकीट होतं. फेकायला डबा शोधत होती. मी ते तिच्याकडून घेतलं आणि उलटंपालटं करून बघत राहिले. कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतात. आमच्या दुकानासमोर मेडिकल आहे. आमच्या दुकानासमोरच आहे.