पुडा भांडाराचा, मसाला मंडळीचा

हसायचं आसंल तर आत्ताच हसून घ्या, मागनं हसाल तर च्या नाकातून भाईर यील! गावात म्या लई जनांच्या टोप्या उडवल्या, पर एकदा माजीच अशी उडाली की अजून डोकं चाचपतोय.

दुष्काळ सुरू झाला त्या सालची गोष्ट. श्रीगोंद्याकडचं आमचं गाव. थोरल्या पोरीचं, शेवंताचं, लगीन जुळत आल्तं. सुपारी फुटायची तेवढी राहिल्ती. पोरगं गुनी, शेवंताच्या बी मनात भरल्यालं. नड एकच, पोराचा बाप! दगडूआबा. मिशा कसल्या! म्हशीनं शिंगं म्हनून उसन्या मागाव्या.

पयल्याच बैठकीत आबा म्हनला, "पाव्हनं, एक सांगून ठिवतो. आमच्यात काळा मसाला फकस्त भांडाराचा. घरोघरचं कुटल्यालं आमाला चालत न्हाई."

आता भांडार मंजी काय? तालुक्याला नवंच निघाल्यालं मोठ्ठं दुकान. साबनापासून चपलांपत्तोर समदं एका छपराखाली. आन मसाला, पापड, शेवया त्यांच्या सोताच्या नावाच्या! गुळगुळीत पुडा, वर नथ घातल्याली बाई हसतीया. आमाला आपलं वाटायचं, तीच बाई दुकानाच्या मागं बसून कुटत आसंल.

आबाचं बोलनं आमच्या मंडळीनं, मंजी माज्या बायकूनं, दाराआडून ऐकलं आन भांडी आदळाया लागली. आवं, तिच्या मसाल्यासाठी निम्मं गाव वाटी घिऊन दारात उभं ऱ्हायचं!

पर पोरीचं काम. गिळलं बिचारीनं. मला म्हनली, "जेवायला बोलवायचंय ना त्यास्नी? मग आना जाऊन एक पुडा."

आनला. पर येता येता माज्या डोक्यात किडा वळवळला की! घरी आल्याबरुबर पुडा वाफेवर धरला, खळ सोडवली, आतला मसाला डब्यात वतला आन मंडळीचा मसाला भरून पुडा हुता तसा चिकटवला.

मंडळीनं कपाळाला हात लावला. "आवं, व्याह्याची कसली चेष्टा करताय!"

"चेष्टा न्हाई गं, परीक्षा! मिटक्या मारीत खातोय का न्हाई बघ. सुपारी फुटली की सांगू हळूच."

ठरल्या दिवशी आबा छकडा जुपून आला. त्याच्या डोळ्यांदेखत पुडा फोडला, मटनाचा रस्सा केला. आबा पाटावर बसला. पयला घास घेतला आन थांबला. दुसरा घेतला. बोट चाटलं. माज्या पोटात नुसत्या गुदगुल्या!

"कसाय मंग, आबा?"

"पुडा आना इकडं."

पुडा दिला. आबानं नाक खुपसलं, चिमूट जिभंवर ठिवली आन ताटावरनं ताडदिशी उठला.

"ह्यो माजा मसाला न्हाई!"

"तुमचा कसा आसंल, आबा? भांडाराचा हाय."

"आवं, भांडाराचा मंजीच माजा!" आबा वरडला. "माज्या घरात कुटत्यात! गोन्या भरून तिकडं जात्यात. ते निस्तं पुड्यात भरत्यात आन वर ती नथवाली चिकटवत्यात. बाहेर कुनाला सांगायचं न्हाई असं ठरलंय, म्हनून गप बसतो. आन आता मॅनेजरनं मला न इचारता दुसऱ्याच कुनाला काम दिलं!"

ऐकलंत? नथवाल्या बाईला मिशा हुत्या!

हसू येनार, तवर आबा पुड्याकडं बघत म्हनला, "पाव्हनं, हीर आटलीया. ह्या कामावर घर चाललंय माजं. काम गेलं तर कशाचं लगीन आन कशाची सुपारी?"

चुलीपाशी शेवंता पदर तोंडात धरून उभी. मंडळी डोळ्यानं खुनावतीया, बोला की! मला बी बोलायचं हुतं. पर पोरीच्या सासऱ्याला घरात बोलवून फसवलं, हे कुठल्या तोंडानं सांगू? आबा पुडा घिऊन भांडारात जाब इचारायला छकड्याव चढला, तसा मी बी मागं चढलो. म्हनलं, वाटंत सांगू.

वाटंत जरा वारं लागल्यावर सुरवात केली. "आबा, समजा बरं का, कुनीतरी गमतीनं पुड्यातला मसाला बदलला आसंल तर?"

"आसं कुनी केलं आसंल, तर त्याच्या तंगड्या मोडीन आन ह्याच छकड्याला बांधून फरफटत नेईन."

छकड्याखाली वाकून बघितलं. दगडं लई हुती. म्या बैलांचं कवतिक चालू केलं.

भांडारात ह्ये गर्दी! गल्ल्यावर टेरलिनचा सदरा घातल्याला मॅनेजर. "या आबा," म्हनला, "आज गोणी नाही आणली?"

आबानं पुडा आदळला. "कशाला आनू? दुसरा धरलाय न्हवं तुमी!"

मॅनेजरनं चव घेतली. "हा आपला मसाला नाहीच."

"मंग पुडा कुनाचा?"

"पुडा आमचा."

"मंग आत काय माज्या आज्यानं भरलं?"

"आबा, तोंड सांभाळून बोला!"

"आरं, माज्या पोटावर मारतो आन वर तोंड सांभाळू?"

गिऱ्हाईक गोळा झालं. मॅनेजर बी तापला. "लोकांसमोर दुकानाची अब्रू काढता? उद्यापासून तुमचा माल बंद!"

घ्या! जे झालंच नव्हतं, ते माज्यामुळं खरंच व्हाया लागलं. डोळ्यांफुडं शेवंता दिसली. डोळं मिटलं आन वरडलो, "म्या केलं! मसाला म्या बदलला! तो आमच्या मंडळीचा हाय!"

आबा हळूहळू वळला. म्या तंगड्या आवळून घेतल्या.

"मंजी... माजं काम कुनी काढलं न्हाई?"

"न्हाई, आबा."

आबा मटकन साखरंच्या पोत्याव बसला. मिशा थरथराया लागल्या. म्हनलं, आता उठतोय आन धरतोय! तर गडी हसाया लागला की! हसता हसता डोळं पुसलं. "पाव्हनं, जीव आला बघा. लई नालायक हायसा, पर जीव आला."

माजा बी आला! तवर मॅनेजरकडं बघतो तर त्यो अजून बोट चाटतोय. त्याचा राग कवाच उतरल्याला. "काका, असला झणझणीत करून द्याल का? आबांचा सौम्य विकू, हा तिखट. पुडा आमचाच, आणि बाहेर बोलायचं नाही."

म्या आबाकडं बघितलं. आबानं मिशीला पीळ दिला. "दील की! माजा माल काय बंद हुत न्हाई. मातर माजी एक अट हाय. मसाला वहिनींचा, पर मुसळ पाव्हन्याच्या हातात. तरच सोयरीक!"

नाय म्हननार कसा? आबानं तितल्याच बरनीतली सुपारी घेतली आन गल्ल्यावरच वजनाच्या मापानं फोडली. अशी सोयरीक कुनाची झाली आसंल का हो?

शेवंता सुखानं नांदाया गेली. आन मी उखळाला जुपलो. शिंकून शिंकून दम निघाला, हाताला ह्ये मोठं फोड! आन मंडळी पाटावर बसून म्हननार, "अजून बारीक, अजून बारीक!"

माल इतका उठला की एकदा समदं कुटल्यालं भांडारात गेलं आन आमच्याच घरात चिमूटभर न्हाई. मंडळी म्हनली, "जा, एक पुडा घिऊन या."

गेलो. रांगंत उभा ऱ्हायलो. गल्ल्यावर नवाच मानूस. पुडा हातावर ठिवत मला म्हनला, "न्या काका, बिनघोर न्या. असं कुटायला घरी कुणाला जमत नाही."

फोड आल्याल्या हातानं पुडा घेतला आन म्हनलं, "न्हाई बाबा, आमाला कुठलं जमतंय!"