हातसडीचा तांदूळ

मी सून म्हणून वडिवळ्याच्या बाजूला आले तेव्हा सासरे चांगले शेलाटे होते. शेतावर पायी, कामशेतच्या बाजाराला पायी. मग कामशेतला भाताची गिरणी निघाली. घरात पांढराशुभ्र तांदूळ शिजू लागला, भाकरी मागं पडली, आणि सासरे ताटावर बसले की उठायचं नाव घेईनात. पुढं फटफटी आली. खाचर हाकेच्या अंतरावर, तर तिथंही फटफटी. बांधावर गाडी लावून मजुरांवर ओरडलं की झाली यांची शेती. सदऱ्याची बटणं लागेनाशी झाली, तेव्हा गाव कौतुकानं म्हणे, अंगानं काय भरलेत. गावालाही अक्कल तेवढीच.

गिरणीनं मला मात्र सकाळचे दोन तास दिले. रोज उखळाशी भात सडायचं सुटलं. त्या वेळात मी वडगावला शिवणवर्गाला जाऊ लागले. परीक्षा पास झाले असते तर शाळेत शिवणाची नोकरी मिळण्यासारखी होती. त्या घरात माझं म्हणावं असं तेवढंच होतं.

परीक्षेला महिना उरला असताना सासऱ्यांच्या लघवीत साखर निघाली. डॉक्टरांनी तीन गोष्टी सांगितल्या: रोज चाला, कमी जेवा, तांदूळ हातसडीचा खा. घरी येईपर्यंत सासऱ्यांच्या ध्यानात एकच राहिली, जी त्यांना स्वतःला करायची नव्हती.

"उद्यापास्नं गिरणी बंद. सूनबाई सडंल," फटफटीवरून उतरता उतरताच ते म्हणाले.

रोग रेड्याला आणि औषध पखालीला. मी म्हणाले, "मामंजी, मुसळ तुमीच घ्या. घामबी गळंल, तांदूळबी हुईल."

ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते पोट हलवत हसले. माझा नवरा तेवढ्यात खाली मान घालून चपला शोधायला लागला. त्या घरातल्या पुरुषांचं शौर्य एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी पिशवी घेऊन निघाले, तर मागच्या पडवीतून मुसळाचा आवाज. सासूबाई सडत होत्या. त्याच घरात राहून ही बाई काटकीच राहिली होती, कारण ती सगळ्यांच्या मागून उरलंसुरलं खायची. जन्मभर सडून तिचा उजवा खांदा गेला होता, हात कानाच्या वर जात नव्हता. डाव्या हातानं ती मुसळ उचलत होती.

"आत्याबाई, ऱ्हाऊ द्या," मी म्हणाले.

"तू जा गं. तुझ्या वर्गाची येळ झाली."

ओट्यावरून चहाची बशी फुरकत सासऱ्यांनी हाक दिली, "लय कण्या करू नका."

मी पिशवी खुंटीला लावली आणि तिच्या हातातलं मुसळ घेतलं. ते घेऊन ओट्यावर जायला हवं होतं, ते सासऱ्यांच्या पुढ्यात आपटायला हवं होतं. मी उखळाशीच उभी राहिले. त्याची लाज मला अजून वाटते.

परीक्षा हुकली. सासरे मात्र त्या तांदळाचा भात दोन-दोनदा मागून घेऊ लागले. औषध आहे, म्हणायचे.