पगडीचं दुसरं टोक

माझ्या स्कूटरचे सरदारजी मेकॅनिक, सगळ्यांचे ‘पाजी’ म्हणजे दादा, डोळे मिटून इंजिन ऐकतात. मध्येच कुणी बोललं, की हातातला पाना उंचावून त्याला गप्प करतात. चंदीगडला आल्यापासून मी रविवारी अनोळखी माणसांचे कामात रमलेले फोटो काढतो, आणि चांगले काढतो. पण हे मिटलेले डोळे काही हाती लागेनात. मी लांबून कॅमेरा रोखला, की पाजी पाठ फिरवायचे.

शेवटी विचारलंच, “पाजी, एक फोटो काढू?... एक फोटो खींचूँ?”

“इतने दिन पूछा क्यों नहीं?”

त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले, डोक्याचं कळकट फडकं सोडलं, पिशवीतून स्वच्छ निळी पगडी काढली आणि तिचं एक टोक माझ्यापुढे धरलं. “कैमरा रखो जी. ये अकेले नहीं होता.”

दुकानापुढच्या व्हरांड्यात आम्ही ते लांबलचक कापड ताणून त्याच्या घड्या घातल्या. माझा हात सैल पडला, की ते दरडावायचे, “खींचो!” मग स्कूटरच्या आरशात बघत त्यांनी पगडी बांधली आणि थेट माझ्याकडे पाहत उभे राहिले. डोळे टक्क उघडे.

माझा सगळ्यात चांगला फोटो तोच. आता अनोळखी माणसापुढे गेलो, की मी आधी कॅमेरा ठेवायला जागा शोधतो.