रीटाच्या पत्रावर क्रूस नाही

मंडळींनो, जीव थाऱ्यावर नाही, म्हणून चर्चच्या फळ्यावर हे लावतो आहे.

माझी मुलगी रीटा आफ्रिकेतल्या एका खेड्यात अनाथ मुलांचा आश्रम चालवते. आज तिचं पत्र आलं, तेही टाइप केलेलं. आमच्या घरात पत्र लिहिताना आधी कागदाच्या माथ्यावर पेनाने क्रूस काढतात, मग मजकूर. यावर क्रूस नाही. खाली सही नाही, नावही टाइपच.

बायको म्हणाली, "अहो, मशीन मिळालं असेल तिला. तुम्हाला सगळ्यातच काळंबेरं दिसतं!"

मग क्रूस आणि सही करायला हाताला काय झालं तिच्या?

फादरना दाखवलं. एरवी ते माझी थट्टा करतात. आज त्यांनी पत्र दोनदा वाचलं आणि मला बसायला खुर्ची दिली.

माझ्या जागी तुम्ही असता तर आश्रमाला तार केली असती का?