चौथ्या चॅनलवरचे पोलीस

प्रत्येक पोलीस अधिकाऱ्याच्या आयुष्यात एक प्रकरण असं येतं, की ते त्याची झोप कायमची उडवतं. निवृत्तीच्या जेवणात हे वाक्य मीही म्हटलं होतं. खरं म्हणजे माझी झोप उत्तम आहे. जे प्रकरण अजून डोक्यातून जात नाही, ते मोटारीच्या पोटाखालच्या एका डब्याचं आहे.

मी साताऱ्याहून अमेरिकेत ॲन आर्बरला इंजिनिअर व्हायला आलो आणि डेट्रॉईटबाहेरच्या एका उपनगरात पोलीस झालो. वडील नातेवाइकांना बरीच वर्षं 'तो सिक्युरिटीत आहे' एवढंच सांगत. तपास विभागात सार्जंट झालो तेव्हा कुठे 'आमचा फौजदार' म्हणू लागले.

त्या हिवाळ्यात आमच्या हद्दीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोरीला जात होते. धूर स्वच्छ करणारा हा डबा. आत मौल्यवान धातू असतात आणि करवत चांगली असेल तर तो चहाला उकळी येण्याआधी कापून होतो. मोटार कंपन्यांतले आपले बरेच इंजिनिअर ज्या अपार्टमेंटांत राहतात, तिथल्या गाड्या सकाळी रणगाड्यासारख्या गर्जत सुरू होत. मालक आधी मेकॅनिकला फोन करत, मग इंडियाला, मग आम्हाला.

आम्ही सापळे लावले. चोर मात्र दर वेळी, आम्ही नव्हतो नेमक्या त्याच पार्किंगमध्ये हात मारत. एकदा झालं तर नशीब. तिसऱ्यांदा झालं, तेव्हा मी ठाण्यातल्या माणसांच्या तोंडाकडे जरा जास्त वेळ बघू लागलो.

गावाने नुकतीच पोलिसांची वायरलेस यंत्रणा एन्क्रिप्टेड, म्हणजे बाहेरच्या कुणाला ऐकू येणार नाही अशी, करून घेतली होती. उद्घाटनाला फीत होती, केक होता, महापौर होते. आता या भिंतींबाहेर एक शब्दही जाणार नाही, असं आमचे चीफ भाषणात म्हणाले होते. तरीही बातमी बाहेर जात होती. म्हणजे भिंतींच्या आतलंच कुणीतरी ती नेत असणार. भाषण खोटं असण्याची शक्यता कुणी तपासली नाही.

सापळ्याची जागा आम्हा चार अधिकाऱ्यांना आणि डिस्पॅचच्या, म्हणजे फोन घेऊन गाड्या पाठवायच्या, टेबलावर बसणाऱ्या मुलीला ठाऊक असे. तिन्ही वेळा एकच मुलगी ड्यूटीवर होती. ती मराठी. जन्म इथला, मंडळाच्या गणपतीत तिला मी फ्रॉकमध्ये नाचताना पाहिलं होतं. भर म्हणजे तिच्या भावाचं गाड्या दुरुस्तीचं गॅरेज होतं. चीफना एवढं पुरेसं होतं, आणि पोलीस म्हणून खरं सांगतो, मलाही ते थोडं नव्हतं. "तुझ्या समाजाची आहे, तुझ्याशी बोलेल," असं म्हणून त्यांनी चौकशी माझ्या गळ्यात घातली.

चौथा सापळा फसला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिला चौकशीच्या खोलीत बसवलं. शेजारी युनियनचा माणूस. भावाचा धंदा, त्याची गिऱ्हाइकं, घरी कामाबद्दल काय बोलतेस, सगळं विचारलं. सापळ्यापूर्वी कुणाला फोन केलेस? नेहमीचेच, ती म्हणाली. रुग्णवाहिकेला, टोइंगवाल्यांना, तुमच्या पिझ्झावाल्याला. मी तोच प्रश्न फिरवून तिसऱ्यांदा विचारला, तेव्हा तिने माझ्याकडे सरळ पाहिलं.

"काका, तुम्ही मला क्वेश्चन करताय, की ऑलरेडी डिसाइड केलंय?"

निर्दोष माणूस असं बोलतो. सराईतही असंच बोलतो. तिला सक्तीच्या रजेवर पाठवलं. दुपारी तिच्या आईचा फोन आला. रडणं नाही, विनवणी नाही. "भावजी, तिची नोकरी गेली तरी चालेल. पण चोरांची साथीदार म्हणून घालवू नका. तिला पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही."

संध्याकाळी आणखी एक फोन आला. पुण्याचे एक निवृत्त गृहस्थ, मुलीकडे सहा महिन्यांसाठी आलेले. माझा नंबर मंडळातून मिळवलेला. जावयाच्या गाडीचा डबा गेल्यापासून त्यांचा आमच्यावरचा विश्वास उडाला होता. म्हणून त्यांनी पोलिसांवर लक्ष ठेवायला एक स्कॅनर, म्हणजे वायरलेसवरचं बोलणं ऐकायचं यंत्र, विकत घेतला होता. त्यांची रीतसर तक्रार होती.

"साहेब, तुमच्या लोकांना गाड्या उचलण्यापलीकडे काही काम आहे का? दिवसभर तेच. काल म्हणे, शाळेमागच्या अपार्टमेंटपाशी फ्लॅटबेड ट्रक उभा ठेवा, चोरांची पिकअप उचलावी लागेल. कुठली पिकअप आणि कुठले चोर?"

शाळेमागचं अपार्टमेंट ही आमच्या कालच्या सापळ्याची जागा होती. आता संशयितांत एका पुणेकराची भर पडली. मी तसाच त्यांच्या घरी गेलो.

स्कॅनर टीव्हीच्या रिमोटपेक्षा थोडा जाड, वर रबरी अँटेना. त्यांनी मला विद्यार्थ्यासारखं समजावून सांगितलं. हव्या त्या फ्रीक्वेन्सी एकेका चॅनलवर भरून ठेवायच्या. यंत्र सगळ्या चॅनलांवरून फिरत राहतं आणि कुणी बोललं की तिथे थांबतं. पहिली तीन चॅनल पोलिसांची म्हणून इंटरनेटवर मिळाली होती. आठवडाभर त्यांवर चकार शब्द आला नाही. चीफ त्याबाबतीत खरं बोलले होते. मग या पुणेकर काकांनी 'सर्च' लावलं, तेव्हा एक भरपूर बोलणारी फ्रीक्वेन्सी सापडली. ती त्यांनी चौथ्या चॅनलवर 'पोलीस' नावाने भरली.

"काका, हे पोलीस कशावरून?"

"गाड्या उचलतात म्हणून. आमच्याकडे गाडी उचलायच्या ट्रकवर कोण असतं? पोलीसच ना?"

आमच्याकडे नसतात. इथे ती खासगी टोइंग कंपनी असते, आणि पोलीस तिला फक्त फोन करतात. ते पुण्याचा हिशोब लावत होते आणि मी ऐकत बसलो होतो. सापळा लावताना चोरांची गाडी जप्त करायला फ्लॅटबेड तयार ठेवायचा, हा आमचा नियम. तसं टोइंग कंपनीला कळवायचं काम डिस्पॅचचं, म्हणजे त्या मुलीचं. कंपनी तो निरोप आपल्या ड्रायव्हरांना साध्या, कुणालाही ऐकू येणाऱ्या वायरलेसवर देत असे, पत्त्यासकट.

"हे ऐकणं गुन्हा आहे का हो?" काकांनी हळूच विचारलं. नाही म्हटल्यावर त्यांनी आवाज वाढवला.

चीफना पटवायला स्कॅनर कमी पडला. शेवटी माझ्या निवृत्तिवेतनाची शपथ घ्यावी लागली. पुढच्या आठवड्यात आम्ही टोइंग कंपनीला मॉलमागच्या पार्किंगचा पत्ता दिला आणि स्वतः, अजून चोरी न झालेल्या तळ्याकाठच्या अपार्टमेंटांत साध्या गाड्यांत बसून राहिलो. हिवाळ्यात पाचलाच अंधार पडतो. अंधार पडताच एक पिकअप आली, दोघे उतरले, एक करवत घेऊन गाडीखाली शिरला. त्याला आम्ही पायांना धरून बाहेर ओढलं. डॅशबोर्डवर तसाच स्कॅनर होता, टोइंग कंपनीच्या फ्रीक्वेन्सीवर थांबवलेला. त्या दोघांनी ना त्या मुलीला कधी पाहिलं होतं, ना तिच्या भावाला.

या प्रकरणाने काय शिकवलं, असं लोक विचारतात. यंत्रावर खर्च केला की ते दोषी ठरू शकत नाही. मग दोष माणसाकडे येतो. आणि माणसांतही आधी त्याच्याकडे, ज्याला खोलीत बोलावणं सगळ्यांत सोपं असतं. जिचा भाऊ गॅरेजवाला, ती पटकन डोळ्यांत भरते. रोज नियमाने केलेला फोन कुणाच्याच डोळ्यांत भरत नाही.

तिच्यावरचा संशय पूर्ण निराधार असल्याचं खात्याने लेखी दिलं. ते कागद वरपर्यंत जाऊन येईतो बाकीच्यांच्या वर्षाच्या पाळ्या निवडून झाल्या होत्या, तेव्हा तिला उरलेली शनिवार-रविवारची पाळी मिळाली. तिचा जाहीर सन्मान व्हावा असा चीफचा आग्रह होता. प्रशस्तिपत्र झालं, महापौर आले, तिच्या निष्ठेवर चीफ भरभरून बोलले. तिची आई नवी साडी नेसून पहिल्या रांगेत बसली होती.

समारंभ शनिवारी होता. ती ड्यूटीवर होती.