शिड्या तपासणारे भावजी

मुलांनो, भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत मोजपट्टीलाच माप लावणारा माणूस एकच, तुमच्या आजोबांचे मावसभाऊ, माझे भावजी. विद्वान लोक म्हणे शिड्या बनवतात, धंद्याचं काम किती मुरलंय ते सांगणाऱ्या, पाच पायऱ्यांच्या. पहिलीवर रामभरोसे कारभार, पाचवीवर सगळं लिहिलेलं, मोजलेलं. या शिड्या मुळात भरवशाच्या आहेत का, यावर भावजी निवृत्तीनंतर पीएच.डी. करत होते. जेवतानासुद्धा म्हणायचे, "वहिनी, आमटी चौथ्या पायरीवर आहे. कृती लिहून ठेवलीत तर पाचवी."

एका शिडीला त्यांनी सर्वोत्तम ठरवलं. प्रबंध बांधायला टाकणार, तोच मार्गदर्शक बाई म्हणाल्या, "एकदा खऱ्या धंद्याला लावून बघा." भावजींनी विंझरची भाताची गिरणी निवडली आणि सोबत मला नेलं.

गिरणीवालीकडे ना वही, ना पाटी. "पहिली पायरी," भावजींनी हळहळत लिहिलं. मग ती चहा करायला आत गेली तेवढ्यात, तिला मदत म्हणून, पोत्यांच्या तोंडाला बांधलेल्या रंगीत चिंध्यांच्या गाठी सोडवून सगळी पोती नव्या सुतळीने एकसारखी बांधली. वर सुबक नंबर घातले.

ती कपबशा घेऊन दारातच थबकली. "सर, गाठी कुठं गेल्या वो?"

"आता नंबर आहेत ना!"

"नंबर लई झ्याक. पर अकरा नंबर कुणाचा?"

भावजींनी वही उघडली. नंबर होते, नावं नव्हती.

"घराघराची गाठ येगळी असती, सर. सासूच्या येळंपासनं. आता तुमीच वाटा!"

मग बाया आल्या. पोत्यात हात घालून, मूठभर भात हुंगून आपापलं ओळखू लागल्या.

"माज्या भातात खडे नस्त्यात, ह्यो तुजा!"

"व्हय गं, तुज्या खळ्यावर तर लादीच हाये!"

संध्याकाळी शेवटचं पोतं घरी गेलं. तोवर भावजी कोपऱ्यात सुतळी गुंडाळत बसले होते.

परतताना नसरापूरजवळ मी म्हटलं, "एक गिरणी वगळली तर कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल ना, वहिनी."

त्यांनी खरं तेच लिहिलं: आपण पहिला नंबर दिलेल्या शिडीला वह्या दिसतात, गाठी दिसत नाहीत. प्रबंध निम्मा पुन्हा लिहावा लागतोय. पदवी अजून लांब आहे आणि भावजी आता जिना चढताना दम खायला मधेच थांबतात.

गिरणीवालीने मात्र त्यांना त्यांची स्वतःची गाठ ठरवून दिली. त्या गाठीचं तांदळाचं पोतं त्यांनी तुमच्यासाठी आणून ठेवलंय. गाठ थोडी सैल आहे. तुम्ही येईपर्यंत मी ती सोडणार नाही.