नसीमच्या अर्ध्या कृमीसाठी अंजनगाव

माझी मैत्रीण नसीम वारली, त्याला वर्ष झालं आणि मी अकोल्याहून अंजनगावची आमची जुनी विहीर पाहायला निघाले. कॉलेजात असताना तिथूनच आम्ही दोघींनी एक चपटा कृमी आणला होता. नखाएवढा, तपकिरी, तिरळ्या डोळ्यांचा प्लॅनेरिया. ब्लेडनं मधोमध कापला. डोक्याकडचा अर्धा तिचा, शेपटीकडचा माझा. काही दिवसांत दोन्ही अर्धे पूर्ण झाले. कॉन्व्हेंटमध्ये स्वच्छ नखं दाखवत वाढलेल्या मला चिखलात हात घालायला नसीमनंच शिकवलं. तसाच एक पुन्हा पाहायचा होता.

अकोटमार्गे एसटीनं दोन-अडीच तास. बायकांना अर्धं तिकीट. अंजनगावात आमिषासाठी शेळीची कलेजी घेतली.

"एवढीशीच, आंटी? मांजर पाळली का?" खाटकानं विचारलं.

"विहिरीतल्या किड्यासाठी."

"मंग बिनकिड्याची देतो!"

शेळीच्या कलेजीत कधीकधी सापडणारा तो चपटा किडा माझ्या प्लॅनेरियाचाच भाऊबंद. तो दुसऱ्याच्या पोटात राहायला गेला आणि मोठेपणी डोळे गमावून बसला. हा पाण्यात मोकळा राहिला.

विहीर पानमळ्यात आहे, काळ्या दगडांची. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं नि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा बांधलेली. विहीर पाहायला येते, असा मालकीण सुमनताईंना आधी फोन केला होता; त्या हसत सामोऱ्या आल्या. "मॅडम येऊन राहिल्या म्हून कालच ब्लिचिंग टाकलं. एक किडा नाय दिसनार तुमाले!"

मी पायरीवरच बसले. क्लोरीनमध्ये प्लॅनेरिया टिकत नाही.

"चेहरा काहून उतरला?"

मी नसीमचं सगळं सांगितलं.

"आदी सांगाचं ना! आमाले वाटलं, पानी तपासाले येता." मग गोठ्याकडे हात करून म्हणाल्या, "ढोरायच्या टाक्यात हिरीचंच परवाचं पानी हाये. त्याले दवा नाय लागली."

दोऱ्याला कलेजी बांधून टाक्यात सोडली. तासाभरानं तिच्यावर एकच कृमी सरकत आला. दोन डोळे, तिरळे.

"न्या डबीत," सुमनताई म्हणाल्या.

पर्समध्ये डबी होती, कागदात गुंडाळलेलं ब्लेडही होतं. पण अर्धा द्यायचा कुणाला? दोरा हलवून त्याला पाण्यात सोडलं.

घरी आल्यावर पंधरा दिवसांनी फोन आला. "मॅडम, टाकं घासलंच नाही मी. आज दोन दिसले. दुसरा कुठून आला?"

हे कृमी कधीकधी आपले आपणच मधून तुटतात आणि दोन्ही तुकडे पुन्हा पूर्ण होतात.

"दुसरा नाही, सुमनताई," मी म्हटलं, "तोच आहे."